पुलाची उंची आणि पाण्याची रुंदी

पावसाळा लागला की कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला एकाच वेळी पाच मापांत विचार करावा लागतो. पाऊस मिलिमीटरमध्ये पडतो, धरणात तो टीएमसीमध्ये साठतो, दरवाजातून क्युसेकमध्ये सुटतो, नदीत फूट-इंचांनी चढतो आणि शेवटी ज्या पुलावर येतो तो पूल मीटरमध्ये बांधलेला असतो. देशात दशमान पद्धत येऊन साठ वर्षं उलटली, पण पंचगंगेला अजून कोणी तसं कळवलेलं दिसत नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी तेच आकडे 40 आणि 45. घरातल्यांचे वाढदिवस विसरतील, पण हे आकडे इथे कोणी विसरत नाही. मग रोज जिल्हा प्रशासनाची बंधाऱ्यांची यादी येते. पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ पाण्याखाली. भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, सरकारी कोगे, खडक कोगे पाण्याखाली. वर्षानुवर्षं तीच नावं, शाळेच्या हजेरीपटासारखी. एखाद्या दिवशी खडक कोगेचं नाव दिसलं नाही तर वाचणारा विचारात पडतो, की पाऊस कमी झाला की यादी करणारा रजेवर गेला.

‘पूल पाण्याखाली गेला’ हे वाक्य आपण अशा सुरात म्हणतो, जणू चांगल्या घरचा मुलगा वाईट संगतीला लागला. वास्तविक हा पूल पाण्याखाली जाण्यासाठीच बांधलेला आहे. विदर्भात त्याला रपटा म्हणतात, बऱ्याच ठिकाणी नुसतं फरशी, आणि कोल्हापूरकडे तर बंधाऱ्याच्याच डोक्यावरून रस्ता नेलेला असतो: जूनमध्ये पाणी अडवणारे बरगे काढायचे, पाऊस सरताना पुन्हा घालायचे, आणि मधल्या काळात नदीला म्हणायचं, बाई, तू वरून जा. अशा पुलाला मुद्दाम धड कठडा देत नाहीत, दिलाच तर काढता येईल असा देतात. कारण पुरात झाडं, ऊस, जलपर्णी आणि कोणाच्या तरी गोठ्याचं छप्पर एकत्र येतं, ते सगळं कठड्याला अडकलं की पुलाची भिंत होते आणि नदी ती भिंत ढकलून देते. कठडाच नसला की सामान वरून निघून जातं, पाणी उतरल्यावर पूल जिथल्या तिथे असतो, फक्त चिखलानं सारवलेला. ज्या काळी हे पूल झाले त्या काळच्या गावाला हे परवडत होतं. पेरणी झालेली, दाणे घरात, पाव्हणे येणार नाहीत, आणि तालुक्याला जायचं काम दिवाळीपर्यंत थांबणारं. नदी चढली की गाव दार लावून बसे. पुलानं गावाशी केलेला हा करार होता आणि पुलानं तो आजवर पाळलेला आहे.

करार मोडला तो गावानं, आणि त्यात गावाची चूक नाही. दूध दिवसातून दोन वेळा निघतं आणि ते दिवाळीपर्यंत थांबत नाही. पोरं पलीकडच्या कॉलेजात जातात. एखाद्याचं आठवड्याला दोनदा डायलिसिस असतं. बाळंतपण आता घरी होत नाही. गाव बदललं आणि पूल तोच राहिला, म्हणून पूल बदलायला हवा, इथपर्यंत कोणाचंच दुमत नसावं. भांडण पुढे आहे. नवा पूल मागायची वेळ आली की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो: उंच. निवेदनात उंच पूल, ग्रामसभेच्या ठरावात उंच पूल, आमदारांच्या भाषणात ‘महापुरातही ताठ उभा राहील असा’ पूल. उंचीबद्दल माझी तक्रार एवढीच, की ती दिसते आणि म्हणून तीच मागितली जाते. पुराचं पाणी जायला लागते ती रुंदी. पाण्याला वाट किती मोकळी ठेवली, पुलाला गाळे किती आणि केवढे, आणि नदीच्या दोन्ही अंगांना जे सपाट रान पुरात बुडतं तिथे रस्ता कशावर उभा केला, हे प्रश्न भूमिपूजनाच्या मांडवात कोणी विचारत नाही. कारण नारळ उंचीसाठी फुटतो. गाळ्यांच्या संख्येसाठी नारळ फुटल्याचं ऐकिवात नाही.

कागदावर होतं काय ते पाहा. नदीचं नेहमीचं पात्र समजा शंभर मीटरचं आहे, पण पुरात ती दोन्हीकडे पसरून हजार मीटर होते. अंदाजपत्रकात शंभर-सव्वाशे मीटरचा देखणा पूल येतो, आणि उरलेल्या अंतराला ‘पोहोच रस्ता’ असं साधं, निरुपद्रवी नाव मिळतं. पूल उंच, म्हणजे त्याला भेटायला येणारा रस्ताही उंच हवा. म्हणून मुरूम टाकून भराव होतो. पाच मीटर उंच भराव, बाजूंना नेहमीचा उतार, वर दहा मीटरचा रस्ता, म्हणजे तळाशी तीस मीटरची बूड. आता जिथे हजार मीटरमधून पाणी जायचं तिथे ते सव्वाशे मीटरमधून जा म्हणून सांगितलेलं असतं. यालाच इतरत्र धरण म्हणतात. फरक एवढाच, की धरणाला दरवाजे असतात, ते उघडणारा अधिकारी असतो आणि पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो. आमच्या पोहोच रस्त्याला यातलं काही नसतं. त्याला फक्त दोन्ही बाजूंना झाडं लावण्याची तरतूद असते. पाणी वरच्या अंगाला तुंबतं, फुगवटा मागे सरकतो, आणि ज्या वाडीत आजवर पाणी आलं नव्हतं तिथले लोक पायरीवर खडूची रेघ मारून दर तासाला बघत बसतात.

फुगवटा हा शब्द निघाला की सगळी बोटं अलमट्टीकडे वळतात. कोल्हापुरातल्या चहाच्या कोणत्याही गाड्यावर विचारा, 519.60 मीटर आणि 524.256 मीटर हे धरणाच्या आजच्या आणि प्रस्तावित उंचीचे आकडे दशांश चिन्हासकट ऐकायला मिळतील. त्याच माणसाला त्याच्या गावच्या पुलाला गाळे किती, हे विचारलं तर तो तुमच्याकडेच संशयानं बघेल. अलमट्टीवर माझा जीव नाही. तिच्या उंचीचा वाद तज्ज्ञांनी आणि दोन राज्यांच्या वकिलांनी चालवावा, त्यात त्यांचंही पोट आहे. पण 2019 च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, हेही तितकंच खरं. लांबच्या धरणाचं एक सुख असतं: त्याला शिव्या देताना समोरच्या माणसाची जमीन, ठेकेदारी किंवा मतं मध्ये येत नाहीत. गावच्या शिवेतल्या भरावाबद्दल बोलायचं तर भाऊबंदच उठतात.

त्या 2019 साली आणि पुन्हा 2021 साली पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली. दोन्ही वेळा पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरच्या वेशीवर शिरोलीजवळ बंद पडला. मजा बघा, की तिथला नदीवरचा पूल पाण्याच्या वर होता. बुडाला तो पुलाकडे जाणारा रस्ता. ट्रकांच्या रांगा लागल्या, गावातलं पेट्रोल संपत आलं, दुधाचं संकलन थांबलं, आणि पूल आपला कोरडा उभा, लग्नघटिका टळल्यावरही बोहल्यावर उभ्या असलेल्या नवरदेवासारखा. तेव्हापासून या पट्ट्यात ‘भराव काढा आणि खांबांवर रस्ता न्या’ ही मागणी जोरात आहे आणि ती मागणी मला पूर्ण शहाणपणाची वाटते. उंचीनं फार तर पुलापुरता प्रश्न सुटतो. आणि भराव पाण्याच्या वर राहिला तरी प्रश्न सुटत नाही, तो वरच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या नावे वर्ग होतो. शेतकऱ्याला इथे पाणी अर्धा फूट जास्त चढणं म्हणजे काय असतं ते सांगायला हवं. उभा ऊस काही दिवस पाण्यात तग धरतो. पण शेंडा बुडून सुरळीत गढूळ पाणी शिरलं की तो आतून कुजायला लागतो आणि पाणी उतरल्यावर नांगरानंच काढावा लागतो. शेंडा पाण्याच्या वर राहिला की खाली, हा हिशेब इंचांचा असतो. मापात मीटर आल्यानं तो बदलत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: खांबांवरचा लांब पूल महाग पडतो, मुरूम स्वस्त. आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्यात अर्थ नाही. मीटरमागे मीटर मोजलं तर भरावाला पुलाच्या मानानं किरकोळ खर्च येतो. पण हा स्वस्तपणा कोणाच्या वहीत लिहिलेला आहे ते बघावं. भरावाला तीस मीटर रुंद जमीन लागते, ती संपादित करावी लागते, आणि भूसंपादन म्हटलं की खातेफोड, हरकती, वाढीव मोबदला आणि न्यायालय. खांबांना बूड कमी लागतं. शिवाय पाणी भरावावरून गेलं की तो धुपतो, आणि तो धुपतो बरोबर पुलाला जिथे चिकटतो तिथे. पुरानंतरचे फोटो आठवा: पूल शाबूत, आणि त्याच्या दोन्ही टोकांना रस्ताच नाही. मग पुन्हा मुरूम, पुन्हा निविदा, पुन्हा पाऊस. भराव स्वस्त असतो तो पहिल्या वर्षी. बुडालेला ऊस, थांबलेले ट्रक आणि रस्त्यावर ओतलेलं दूध हा खर्च पुलाच्या अंदाजपत्रकात कुठल्याच रकान्यात येत नाही, म्हणून तो झालाच नाही असं समजायची आपल्याकडे रीत आहे.

दुसरा आक्षेप जरा तत्त्वज्ञानाच्या अंगानं येतो. वर्षातले चार-आठ दिवस तर पाणी येतं, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? लोकांनी चार दिवस थांबावं. हा सल्ला देणारा माणूस स्वतः कधी थांबलेला नसतो, आणि ज्यांना दिला जातो तेही थांबत नाहीत. बुडालेल्या फरशीच्या तोंडाशी जाऊन बघावं. आडवा बांबू, त्याला टेकवलेला डांबराचा रिकामा पिंप, पिंपावर पांढऱ्या रंगात ‘पुलावरून पाणी वाहत असताना पूल ओलांडू नये’, आणि रेनकोटातला एक पोलीस. पाणी बघायला आलेली पन्नास माणसं. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला येतो, पाण्याकडे बघतो, पोलिसाकडे बघतो, पोलीस फोनवर आहे हे बघतो आणि दोन्ही पाय टाकीवर घेतो. गर्दीतून आवाज येतो, ‘काय न्हाय होत, जाऊ दे की.’ हा सल्ला देणाऱ्याची गाडी घरी असते. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी मोटार तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक मोठ्या गाड्याही जातात. त्यात ‘आपली गाडी जड आहे’ हा युक्तिवाद आर्किमिडीजनं बावीसशे वर्षांपूर्वीच निकालात काढलेला आहे. माणसं थांबत नाहीत, याचं कारण माज नसून पलीकडे राहिलेली धार, परीक्षा आणि म्हातारी आई हे असतं. फलक लावून हे मिटत नाही. जून 2025 मध्ये मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला आणि चार जणांचे जीव गेले. तिथेही धोक्याचा फलक होता आणि नवा पूल मंजूरही होता. मंजूर पुलावरून नदी ओलांडता येत नाही.

तिसरा आक्षेप ब्रिटिशांचा आहे. म्हणजे त्यांच्या वतीनं आपणच घेतलेला. ‘साहेबाचं काम बघा, शंभर वर्षं झाली, वीट हलली नाही. नवे कशाला बांधता, जुनेच डागडुजी करून वापरा.’ याला जोडून ती गोष्ट येतेच, की विलायतेहून कंपनीचं पत्र आलं, तुमच्या पुलाची मुदत संपली म्हणून. प्रत्येक जुन्या पुलाच्या गावात हे पत्र आलेलं असतं आणि ते दाखवणारा एकही माणूस अजून पुढे आलेला नाही. साहेबाचं बांधकाम दणकट होतं यात शंका नाही. पण महाडजवळ सावित्रीवरचा 1928 चा दगडी कमानींचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या माणसांसह गेल्या, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याची पाहणी झालेली होती. पाहणी डोळ्यांनी होते आणि पुलाचा पाया पाण्याखाली असतो. पूर पायाजवळची माती आणि वाळू खरवडून नेतो, वरून पूल ठणठणीत दिसतो, दातासारखा. एक दिवस कळतं की मूळच राहिलेलं नाही. त्यात वाळूउपशानं तळ आधीच खाली नेलेला असला तर नदीला फार कष्ट पडत नाहीत. सावित्रीवर नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि 5 जून 2017 ला सुरू झाला. एरवी आपल्याकडे प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता यांच्या मधल्या वाटेतच तेवढे दिवस मोडतात. कोल्हापुरात जुन्या शिवाजी पुलाला पर्यायी पूल बांधायला घेतला, बराचसा बांधलाही, आणि शेजारची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित असल्यामुळे पुरातत्त्वाच्या कायद्यात तो वर्षानुवर्षं अडकला. म्हणजे तेवढी वर्षं जुना पूल थकलेला, नवा अपुरा आणि मधून पंचगंगा कोणाच्याही परवानगीशिवाय वाहत होती.

साहेबाची आणखी एक गोष्ट आपण अजून वापरतो आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. सह्याद्रीतल्या नदीला पूर केवढा येईल हे काढायचं एक सूत्र आहे, क्लॉड इंग्लिस यांचं. पुण्याजवळ खडकवासल्याला नद्यांच्या प्रतिकृती करून अभ्यास करणारं जे केंद्र आहे, त्याची घडी बसवणारे हे गृहस्थ. सूत्र इतकं सुटसुटीत, की पाणलोटाचं क्षेत्रफळ घातलं की पुराचा आकडा बाहेर येतो. पाऊस किती पडला ते सूत्र विचारत नाही, आणि नदीकाठी मधल्या काळात किती मंगल कार्यालयं झाली हेही विचारत नाही. घाईच्या अंदाजाला ते चालतं. पण त्यावरच समाधान मानून पूल आखला तर तो कागदावरच्या नदीवर उभा राहतो. तीच गत ‘शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या’ पुराची. हा शब्दप्रयोग ऐकून लोक समजतात की 2019 ला येऊन गेला, आता 2119 ला बघू. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता, आणि पन्नास वर्षांच्या आयुष्यात असा पूर किमान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे 40 टक्के. एवढ्या शक्यतेवर आपल्याकडे लोक लॉटरी नव्हे, जमीन घेतात.

एक हरकत मात्र मला मान्य करावी लागते. महापुरात पंचगंगा किंवा कृष्णा किलोमीटरच्या हिशेबात पसरते, आणि सगळं पुराचं रान खांबांवरून ओलांडायचं म्हटलं तर जिल्हा परिषदेपासून जागतिक बँकेपर्यंत सगळे हात वर करतील. त्यांचं बरोबर आहे. प्रत्येक ओढ्याला उड्डाणपूल नको. ज्या फरशीवरून दिवसाला चार बैलगाड्या आणि एक एसटी जाते, आणि पलीकडच्या वाडीला दुसरा बारमाही रस्ता आहे, तिथे फरशीच ठेवावी. तिचा मूळ करार अजून शाबूत आहे. जिथे मोठा पूल हवा पण पैसे सगळ्या लांबीला पुरत नाहीत, तिथे भरावाचा एखादा टप्पा जाणूनबुजून खाली, काँक्रीटनं बांधून ठेवावा, म्हणजे अतिपुरात पाणी तिथून ओलांडून जाईल आणि रस्ता धुपणार नाही. वर्षातले दोन दिवस रस्ता बंद राहील, पण वरच्या अंगाची वाडी बुडणार नाही. हे अभियंत्यांना माहीत नाही असं मुळीच नाही. अडचण अशी, की ‘मी तुमच्यासाठी थोडा बुडणारा रस्ता आणला’ हे वाक्य कोणत्याही व्यासपीठावरून म्हणता येत नाही. कोनशिलेवर तर नाहीच. आणि ती कोनशिला तेवढी नेहमी पूररेषेच्या वर बसवलेली असते.

म्हणून गावात नव्या पुलाचा विषय निघाला, की उंची विचारायच्या आधी नकाशा पसरायला सांगा. 2019 चं किंवा 2021 चं पाणी कुठून कुठपर्यंत होतं ते गावातल्या म्हाताऱ्यांकडून त्यावर पेन्सिलीनं ओढून घ्या, आणि मग साहेबांना विचारा, की या रेघांच्या मध्ये भराव किती मीटर आणि गाळे किती. उत्तर ठरावात लिहून घ्या. ठराव 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मांडा. 15 ऑगस्टच्या सभेला पलीकडच्या वाडीच्या लोकांना येता येत नाही.